भागाचे गोत्र

डिजिटल रेकॉर्डरला मालिका कळत नाही. नायिकेचे लग्न कुणाशी ठरले, खून कुणी केला, गेल्या आठवड्यात कड्यावरून पडलेला माणूस या आठवड्यात निवांत चहा कसा पितो आहे, यातल्या कशाशीही त्याला कर्तव्य नसते. येणारे चित्र आणि आवाज तो इमानेइतबारे डिस्कवर उतरवून घेतो. पाहत मात्र नाही. (घरातली माणसेही पुढे ते पाहतातच असे नाही, पण तो वेगळा विषय आहे.) तरीही पडद्यावर ‘पूर्ण मालिका रेकॉर्ड करा’ असा पर्याय येतो, आणि तो निवडणाऱ्याची ठाम समजूत होते की आपल्याला हवी असलेली मालिका यंत्राला कळली. यंत्राला कळलेली गोष्ट फार किरकोळ असते. आज निवडलेल्या कार्यक्रमाबरोबर अक्षरांची एक ओळ आली आहे. यापुढे ज्या कार्यक्रमाबरोबर तीच ओळ येईल तो उतरवायचा. ओळ जुळली की मालिका जुळली. ती ओळ लिहितो कोण आणि कशाच्या आधारावर, एवढाच काय तो प्रश्न, आणि त्यावर पंचवीस वर्षे तंत्रज्ञ, वाहिन्या आणि प्रेक्षक यांचे एकमत झालेले नाही.

त्याआधीचा काळ घड्याळाचा होता. व्हीसीआरला वार, वेळ आणि चॅनेल सांगावे लागे. अनेक घरांत त्याचे स्वतःचेच घड्याळ कुणी लावलेले नसे, त्यामुळे तिथे वर्षानुवर्षे बारा वाजलेले असत. १९९० नंतर ब्रिटनमधल्या वर्तमानपत्रांत प्रत्येक कार्यक्रमापुढे ‘व्हिडिओप्लस’चा आकडा छापून येऊ लागला. जास्तीत जास्त आठ अंकांच्या त्या संख्येत तारीख, चॅनेल, सुरुवातीची वेळ आणि लांबी दडवलेली असे. आकडा दाबला की काम झाले. पण आकडा वेळेचा होता, कार्यक्रमाचा नव्हता. फुटबॉलचा सामना लांबला की रहस्यकथेच्या कॅसेटवर आधी वीस मिनिटे फुटबॉल उतरे आणि शेवटची वीस मिनिटे, म्हणजे नेमके खुन्याचे नाव, बाहेर राही.

यावर जर्मनीने १९८५ मध्येच तोडगा काढला होता. तिथल्या वाहिन्या चित्रासोबत ‘आता हा कार्यक्रम सुरू झाला’ अशी अदृश्य खूण पाठवत. ब्रिटनने तेच काम टेलिटेक्स्टमधून केले आणि त्याला पीडीसी म्हटले. इथे एक मोठा बदल झाला. यंत्राने स्वतःच्या घड्याळावरचा विश्वास काढून वाहिनीवर ठेवला. पुढचे सगळे गुण आणि सगळ्या भानगडी या एका विश्वासातून निघाल्या आहेत.

१९९९ मध्ये अमेरिकेत आलेल्या टिव्हो या डिजिटल रेकॉर्डरने वाहिन्यांवरही विश्वास ठेवला नाही. त्याने कार्यक्रमांची यादी ट्रिब्यून मीडिया सर्व्हिसेस या कंपनीकडून घेतली आणि यंत्र रोज टेलिफोन लावून ती मागवून घेऊ लागले. या यादीत प्रत्येक नोंदीला क्रमांक असे. ‘ईपी’ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे मालिकेचा भाग; त्यातले शेवटचे चार अंक भाग कोणता ते सांगत. ‘एमव्ही’ म्हणजे चित्रपट. आणि ‘एसएच’ म्हणजे कार्यक्रम अमुक आहे हे ठाऊक आहे, पण आज कोणता भाग लागणार याचा पत्ता नाही. मालिकेची नोंदणी केली की टिव्हो क्रमांकाचा पहिला भाग जुळवून भाग गोळा करी, आणि गेल्या २८ दिवसांत उतरवलेला भाग पुन्हा उतरवायचा नाही असा नियम पाळी. नियम चांगला होता. फक्त त्याला भागाचा क्रमांक लागे. रोज रात्री होणाऱ्या गप्पांच्या कार्यक्रमांची नोंद बरेचदा ‘एसएच’ असे, कारण यादी बनवणाऱ्याला पाहुणा कोण हे आधी कळलेले नसे. मग रात्रीचा मूळ भाग, पहाटेचा रिपीट, दुपारचा रिपीट असे सगळे टिव्होला सारखेच अनोळखी वाटत आणि तो सगळेच ठेवून घेई. सुटीवरून परतलेल्या माणसाला तोच यजमान तोच विनोद करताना आणि तोच पाहुणा त्याच जागी हसताना वारंवार भेटे.

टिव्होचा ब्रिटनमधला एक प्रकार तर न मागता मालिका देण्याचा होता. मे २००२ मध्ये तिथल्या टिव्हो घेतलेल्या लोकांना आपल्या यादीत ‘डॉसा अँड जो’ या बीबीसीच्या विनोदी मालिकेचा एक भाग सापडला. तो कुणी नोंदवला नव्हता. जाहिरातीचा एक प्रकार म्हणून तो सगळ्यांच्या यंत्रांवर परस्पर उतरवण्यात आला होता. लोक चिडले. मालिकेच्या नोंदणीत तोवर जे काही चुकत आले ते निदान मागितलेल्या गोष्टींबाबत चुकत आले होते.

सगळ्यात तपशीलवार उत्तर ब्रिटनच्याच फ्रीव्ह्यूने स्वीकारले. फ्रीव्ह्यू म्हणजे साध्या अँटेनावर मिळणारी फुकट डिजिटल सेवा. ३० ऑक्टोबर २००२ रोजी ती सुरू झाली. तिच्या रेकॉर्डरसाठी जी ओळ वापरतात तिचे नाव सीआरआयडी, उच्चारी ‘क्रिड’. ही कल्पना १९९९ मध्ये जमलेल्या टीव्ही-एनीटाइम या मंडळींची. वाहिन्या, यंत्र बनवणारे आणि दूरसंचारवाले अशा सगळ्यांनी मिळून ती बांधली आणि २००५ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत आरएफसी ४०७८ या क्रमांकाने तिची नोंद झाली. ओळीची घडण वेबपत्त्यासारखी असते: सुरुवातीला क्रिड हा शब्द, मग वाहिनीच्या मालकीचे डोमेन नाव, मग वाहिनीने आपल्या मर्जीने ठरवलेली अक्षरे. डोमेन नाव असल्यामुळे बीबीसीची ओळ आणि आयटीव्हीची ओळ चुकूनही एक होत नाही. आणि प्रत्येक कार्यक्रमासोबत तेच नाव पाठवत बसायला नको म्हणून ते एकदाच वेगळे जाहीर केले जाते. कार्यक्रमांच्या तक्त्यातून फक्त उरलेली अक्षरे जातात. हवेतली जागा महाग असते.

क्रिड मुख्यतः तीन कामांचे असतात. पहिला कार्यक्रमाचा: दोन नोंदींवर तो सारखा असेल तर दोन्ही वेळा दाखवले जाणारे ते एकच. दुसरा मालिकेचा: तो सारखा असेल तर भाग वेगळे, मालिका एक. तिसरा शिफारशीचा: ‘हे आवडले तर तेही पाहा’. तिसऱ्याकडे प्रेक्षकाने दुर्लक्ष केले तरी चालते, आणि बहुतेकांनी केले. खरा संसार पहिल्या दोघांवर चालतो. लग्न जुळवणारा गोत्र विचारतो आणि तेवढ्यावर सगोत्र की नाही ते ठरवतो, तोंडावळा पाहत बसत नाही. रेकॉर्डरही मालिकेचा क्रिड असाच वाचतो. तीच माणसे, तेच घर, तेच शीर्षकगीत असले तरी ओळ वेगळी असेल तर तो भाग परका. आणि ओळ चुकून तीच लागली असेल तर केक भाजण्याची स्पर्धा आणि शवविच्छेदनाची मालिका सख्ख्या बहिणी.

म्हणजे मालिका कशाला म्हणायचे हे ठरवतो तो वाहिनीच्या कचेरीत कार्यक्रमपत्रिका भरणारा माणूस. रेकॉर्डर फक्त त्याचे हस्ताक्षर वाचतो. या माणसापुढचे प्रश्न वरवर साधे असतात, पण एकालाही निर्विवाद उत्तर नाही. ‘ईस्टएंडर्स’ ही बीबीसीची १९८५ पासूनची मालिका घ्या. तिचे आठवड्याभराचे भाग पूर्वी सुटीच्या दिवशी एकत्र करून पुन्हा दाखवत. त्या एकत्रित भागाला तीच ओळ द्यावी, तर रोज पाहणाऱ्याच्या डिस्कवर अख्खा आठवडा दोनदा उतरेल. वेगळी द्यावी, तर रोजचे चुकवून फक्त सुटीच्या दिवशी पाहणाऱ्याने ती वेगळी नोंदवावी लागेल. वेगळी देणे शहाणपणाचे, आणि तसेच करणे रास्त. पण ‘मिडसमर मर्डर्स’चे काय? १९९७ पासून आयटीव्हीवर चाललेल्या या मालिकेत इंग्लंडमधल्या एकाच निसर्गरम्य परगण्यात इतके खून झाले आहेत की तिथे अजून कुणी राहायला जाते याचेच आश्चर्य वाटावे. तिचे जुने भाग आयटीव्ही३ वर वर्षानुवर्षे लागत आले आहेत. नवे आणि जुने एका ओळीत बांधले तर नव्या भागाची वाट पाहणाऱ्याच्या डिस्कवर पंचवीस वर्षांपूर्वीचे मुडदे साठू लागतात, आणि ज्या भागासाठी हा खटाटोप केला तो आला की जागा शिल्लक नसते.

वर्षाचा खंड पडला की आणखी पंचाईत. नवा सीझन सुरू होताना जुनीच ओळ चालू ठेवायची की नवी काढायची? जुनी ठेवली तर यंत्राने ती आठवणीत ठेवली असली पाहिजे, आणि यंत्रे ठरावीक मुदतीपर्यंत एकही भाग दिसला नाही की नोंदणी रद्द करून मोकळी होतात. ते बरोबरही आहे. अन्यथा बंद पडलेल्या मालिकांची वाट पाहण्यातच त्यांचे आयुष्य गेले असते. पण ब्रिटनमध्ये विनोदी मालिकेचा सीझन सहा भागांचा असतो आणि दोन सीझनमध्ये लेखकाला प्रेरणा होईपर्यंतचे अंतर असते. तोवर घरातला रेकॉर्डर सगळे विसरलेला असतो. नाताळचा खास भाग हा याहून अवघड. तो मालिकेचा आहे असे प्रेक्षकाला वाटते, पण तो कुठल्याच सीझनचा नसतो, नेहमीच्या वारी नसतो, लांबीलाही वेगळा असतो. पत्रिका भरणाऱ्याने त्याला एकटा कार्यक्रम म्हणून नोंदवले की वर्षभर निष्ठेने प्रत्येक भाग उतरवणारे यंत्र नेमक्या नाताळच्या रात्री स्वस्थ बसते. खेळाचे उलटे. विम्बल्डनचा पंधरवडा ही एक मालिका धरली तर सकाळपासून रात्रीपर्यंतचे टेनिस डिस्कवर येऊन आदळते, आणि पावसाने खेळ थांबला की ओल्या ताडपत्रीचे चित्रीकरणही.

कार्यक्रमाच्या क्रिडचे काम यामानाने सरळ आहे आणि त्याचा उपयोगही जास्त. एकाच वेळी तीन मालिका लागल्या आणि ट्यूनर दोनच असले, तर यंत्र तिसऱ्या भागाचा क्रिड पुढच्या तक्त्यात शोधते. तोच भाग तासाभराने चॅनेल फोर प्लस वन वर असेल तर ते नोंदणी गुपचूप तिकडे सरकवते. माणसांच्या कार्यालयांत असे क्वचितच होते.

गंमत होते ती मधोमध कापलेल्या चित्रपटाची. आयटीव्हीवर नऊला चित्रपट सुरू होतो. दहाला बातम्या. साडेदहाला उरलेला चित्रपट. तक्त्यात त्या चित्रपटाच्या दोन नोंदी पडतात आणि दोन्हीवर कार्यक्रमाचा क्रिड एकच असतो, कारण चित्रपट एकच आहे. आता यंत्राच्या नियमाप्रमाणे क्रिड एक असलेली दुसरी नोंद म्हणजे रिपीट, आणि रिपीट उतरवायचा नसतो. म्हणून अशा वेळी ओळीच्या शेवटी हॅशचे चिन्ह टाकून एक छोटे शेपूट जोडतात. ओळ सारखी आणि शेपूटही सारखे असेल तर हे एकाच प्रक्षेपणाचे दोन तुकडे आहेत, दोन्ही घ्या. शेपूट नसेल तर रिपीट आहे, सोडा. सगळा डोलारा त्या शेपटावर. ते टाकायचे राहिले तर डिस्कवर असा चित्रपट मिळतो: बॉम्बवरचे घड्याळ टिकटिकते आहे, लाल आणि निळी अशा दोन तारा आहेत, नायकाने पक्कड उचलली आहे, कपाळावरचा घाम पुसला आहे, आणि रेकॉर्डिंग समाप्त. यंत्राच्या मते उरलेला चित्रपट त्याने आधीच उतरवलेला आहे.

भाग कोणता हे ठरल्यावर तो कधी सुरू झाला हेही ठरवावे लागते. डिजिटल प्रक्षेपणात ‘आत्ता’ आणि ‘नंतर’ असा दोन ओळींचा छोटा तक्ता सतत जात असतो. ‘नंतर’मधला कार्यक्रम ‘आत्ता’मध्ये सरकला की रेकॉर्डर जागा होतो. सामना लांबला तरी हरकत नाही; वाहिनीने तक्ता उशिरा सरकवला की रेकॉर्डिंगही उशिरा सुरू होते. तक्ता सरकवायला मात्र कुणीतरी, किंवा काहीतरी, वेळेवर हजर हवे. तो अर्धा मिनिट उशिरा सरकला तर शीर्षकगीत गेले. म्हणून कित्येक जण ही सोय बंद करून दोन मिनिटे आधी आणि पाच मिनिटे नंतर अशी स्वतःची घडी बसवतात. मग एका वाहिनीवरचे लागोपाठचे दोन कार्यक्रम एकमेकांवर चढतात, त्यांना दोन ट्यूनर लागतात, आणि तिसऱ्या मालिकेची संधी हुकते.

ज्यांचा कुठल्याच ओळीवर विश्वास नाही असे लोक नावावरून मालिका ओळखतात. घरच्या संगणकावर मिथटीव्ही किंवा टीव्हीहेडएंड हे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर बसवणारे बहुतेक याच पंथाचे. नावात अमुक शब्द आला की उतरवा, असा हुकूम संगणकाला द्यायचा. हा मार्ग स्वाभिमानी आहे, पण नावे भरवशाची नाहीत. अमेरिकेची थरारक मालिका ‘२४’ हवी म्हणून नावात २४ शोधायला सांगितले, तर चॅनेल फोरवरची ‘२४ अवर्स इन ए अँड ई’ ही इस्पितळातल्या अपघात विभागाची मालिकाही येऊन बसते. दहशतवाद्यांचा पाठलाग करणारा नायक कुठे आणि पायात खिळा घुसलेले आजोबा कुठे. ‘द ऑफिस’ ब्रिटनची २००१ ची वेगळी आणि अमेरिकेची २००५ ची वेगळी. नाव तेच, कंटाळलेले कारकूनही जवळपास तेच. ब्रिटिश तक्त्यात नव्या भागाच्या नावाआधी ‘न्यू’ असे लिहिण्याची पद्धत होती, म्हणजे पहिल्या प्रक्षेपणात मालिकेचे नाव एक आणि रिपीटमध्ये दुसरे. लांबलचक नावे तक्त्यात मावत नाहीत. ‘आय ॲम अ सेलिब्रिटी’ एवढे लिहून तीन टिंबे देतात आणि जंगलातून बाहेर काढण्याची विनवणी खालच्या वर्णनात जाते. मिथटीव्ही रिपीट ओळखण्यासाठी भागाचे उपशीर्षक आणि वर्णन ताडून पाहतो. कुणीतरी वर्णनात एखादा स्वल्पविराम सुधारला की जुना भाग नवा होतो.

भारतात या प्रकारचा रेकॉर्डर घरोघरी नावाने माहीत झाला तो २००८ मध्ये आलेल्या टाटा स्काय प्लसमुळे. वर सांगितलेल्या बहुतेक अडचणी मराठी मालिकांना लागूच होत नाहीत. सीझनमधल्या खंडाचा प्रश्न नाही. ‘चार दिवस सासूचे’ ई टीव्ही मराठीवर २००१ ते २०१३ चालली आणि ३००० हून अधिक भागांची झाली. एवढ्या काळात कुठलेही यंत्र मालिका विसरणे शक्य नव्हते, यंत्रच आधी बिघडले असते. इथल्या अडचणी स्वदेशी आहेत. पहिली रिपीटची. रात्रीचा भाग दुसऱ्या दिवशी सकाळी आणि दुपारी पुन्हा लागतो, त्यामुळे भागांचे क्रमांक नीट भरलेले नसतील तर एकाच थोबाडीत मारण्याचा प्रसंग तिप्पट होतो. (तो भागातच तीन कोनांतून तीनदा दाखवलेला असतो हे लक्षात घ्यावे.) दुसरी अडचण महाएपिसोडची. सोमवार ते शनिवार अर्धा तास चालणारी मालिका अचानक रविवारी दोन तासांची होते. घड्याळावर चालणाऱ्या यंत्राला रविवार माहीतच नसतो, आणि ओळीवर चालणाऱ्याला कुणी महाएपिसोडची ओळ दिली असेल तरच तो कळतो.

तिसरी अडचण महासंगमाची, आणि तिच्यापुढे टीव्ही-एनीटाइमच्या विद्वानांनीही हात टेकले असते. महासंगमात एका मालिकेतल्या लग्नाला दुसऱ्या मालिकेतले अख्खे कुटुंब वऱ्हाडी म्हणून येते. दोन्ही मालिकांच्या वेळा जोडून तासाभराचा एक भाग होतो. या मालिकेतला कट त्या मालिकेतल्या सासूबाई उघडकीला आणतात, आणि त्या मालिकेतले गैरसमज या मालिकेतल्या आजींच्या उपदेशाने मिटतात. असा भाग कुठल्या मालिकेचा? पहिलीच्या ओळीत टाकला तर दुसरीच्या प्रेक्षकाला आपल्या घरातले भांडण कसे मिटले ते कळणार नाही. दुसरीच्या ओळीत टाकला तर पहिलीचे लग्न लागल्याचा पुरावा राहणार नाही. महासंगम हा स्वतंत्र कार्यक्रम धरला तर दोन्ही घरचे प्रेक्षक उपाशी. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन नोंदी करून दोघींना एकेक देणे हाच व्यवहारी मार्ग, आणि त्यात प्रत्येक प्रेक्षकाला लग्नाचा एकच अर्धा भाग मिळतो: कुणाला नुसता मंडप, कुणाला नुसत्या अक्षता.

आता डिस्कच जाऊ लागली आहे. ब्रिटनच्या स्कायने २०२१ मध्ये काढलेल्या स्काय ग्लास या टीव्हीत रेकॉर्डर नाही. रिमोटवरचे अधिकचे चिन्ह दाबले की मालिका यादीत जाते आणि भाग इंटरनेटवरून येतात. मालिकेचा हिशेब तिथे माहितीसाठ्यांकडे गेला, आणि वादही त्यांच्याकडे गेले. अमेरिकेच्या फॉक्स वाहिनीने २००२ मध्ये ‘फायरफ्लाय’ ही मालिका उलटसुलट क्रमाने दाखवली. पहिला म्हणून बनवलेला दोन तासांचा भाग डिसेंबरमध्ये, वाहिनीवरची मालिका गुंडाळताना लावला. म्हणून टीव्हीडीबीसारख्या साठ्यांत एकाच मालिकेचे प्रक्षेपणाप्रमाणे आणि डीव्हीडीप्रमाणे असे वेगवेगळे क्रम ठेवतात आणि निवड पाहणाऱ्यावर सोडतात. कुठल्याच सीझनमध्ये न बसणाऱ्या भागांसाठी तिथे शून्य क्रमांकाचा सीझन असतो. ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या मालिकेचे नाताळचे खास भाग त्यात आहेत.